इब्न खल्दून आणि त्यांच्या घराण्याचा शजरा

इतिहास हे एक शास्त्र आहे असे मानून त्याचे नियम शोधणाऱ्या जगातील पहिल्या विद्वानांत इब्न खल्दून यांची गणना होते. समाजशास्त्राच्या व अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनीही त्यांना आपल्या पूर्वसूरींत मानाचे स्थान दिले आहे. त्यांचा ‘मुकद्दिमा’ हा ग्रंथ जगातील अनेक भाषांत गेला असून त्यावर लिहिलेल्या पुस्तकांनी कपाटे भरतील. कॉलेजातल्या विद्यार्थ्याला निदान त्यांचे नाव आणि ‘असबिया’ हा एक शब्द तरी पाठ असतो. परंतु या थोर पुरुषाने आपल्या स्वतःच्या घराण्याचा इतिहासही लिहून ठेवला आहे, आणि तो लिहिताना विलक्षण सचोटी दाखविली आहे, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यांच्या चरित्राची ही बाजू विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्यांचे स्वतःचे नाव अब्दुर्रहमान. जन्म ट्युनिस शहरी १ रमजान ७३२ हिजरी, म्हणजे २७ मे १३३२ रोजी झाला. ‘इब्न खल्दून’ याचा शब्दशः अर्थ खल्दूनचा मुलगा. पण येथे तो खल्दूनचा वंशज असा घ्यावयाचा. हा खल्दून कोण? तो त्यांच्या घराण्याचा स्पेनमध्ये आलेला मूळ पुरुष. त्याचे खरे नाव खालिद. अरबांच्या अमलाखालील स्पेनला अंदलूस म्हणत आणि तेथे मोठ्या माणसाच्या नावाला ‘ऊन’ जोडण्याची रीत होती. आपल्याकडे नावापुढे ‘राव’ किंवा ‘जी’ लावतात तसाच हा प्रकार. खालिदचे खल्दून झाले आणि पुढे सबंध घराणेच त्या नावाने ओळखले जाऊ लागले.

पण कहाणी खल्दूनच्याही मागे जाते. घराण्याची परंपरा अशी, की मूळ वस्ती येमेनमधल्या हद्रमौत प्रांतातली, आणि मूळ पुरुष हजरत पैगंबर (स. अ.) यांचे सहाबी वाइल इब्न हुज्र. वाइल मदिनेस आले तेव्हा पैगंबरसाहेबांनी त्यांच्यासाठी आपली चादर अंथरली आणि त्यांच्या मुलानातवंडांसाठी दुआ केली, अशी हकिगत जुन्या चरित्रग्रंथांत आहे आणि इब्न खल्दून यांनी ती आपल्या आत्मचरित्रात उतरून घेतली आहे. ज्या घराण्याला अशी दुआ लाभली त्या घराण्यातल्या माणसाला तिचा अभिमान वाटणारच. त्यांनाही तो होता व त्यांनी तो लपविलेला नाही.

हे आत्मचरित्र म्हणजे ‘अत्-तारीफ’. आपला परिचय आणि आपला पश्चिमेकडील व पूर्वेकडील प्रवास, असा त्याच्या लांबलचक नावाचा आशय आहे. प्रथम ते त्यांच्या मोठ्या इतिहासग्रंथाच्या शेवटी जोडलेले होते. पुढे त्यात भर पडत गेली. बहुतेक माणसे आत्मचरित्राला आपल्या जन्मापासून सुरुवात करतात. इब्न खल्दून यांनी आपल्या घराण्यापासून केली, आणि अगदी पहिल्याच पानांवर स्वतःची वंशावळ मांडून तिच्यावर शंका घेतली!

ही वंशावळ अशी : अब्दुर्रहमान यांचे वडील मुहंमद, त्यांचे वडील मुहंमद, त्यांचेही वडील मुहंमद, मग हसन, मुहंमद, जाबिर, मुहंमद, इब्राहीम, अब्दुर्रहमान आणि दहावा खल्दून. दहा नावे लिहून झाल्यावर ते थांबतात आणि हिशेब करतात. खल्दून जर अंदलूसच्या विजयाच्या वेळी आला असेल, तर त्याला आता सुमारे ७०० वर्षे झाली. शंभर वर्षांत साधारणतः तीन पिढ्या होतात. म्हणजे सुमारे वीस नावे हवीत. आपल्याजवळ आहेत दहा. सबब तितकीच नावे मधल्यामध्ये गळाली असली पाहिजेत, असा निष्कर्ष ते काढतात आणि तो लिहून मोकळे होतात.

विद्यार्थी मित्रांनो, हा हिशेब पाचवीच्या मुलालाही करता येईल. परंतु तो आपल्याच घराण्याच्या कागदाला लावणे अवघड आहे. इब्न खल्दून राजदरबारात वावरणारे गृहस्थ होते. घराणे हे त्या काळी मोठेच भांडवल होते. दहा नावे पदरची घालून शजरा पुरा करणे त्यांना मुळीच कठीण नव्हते, आणि तशी पुरी करून देणारी माणसे तेव्हाही पुष्कळ होती. त्यांनी जागा रिकामी ठेवली.

‘मुकद्दिमा’मध्ये हाच नियम त्यांनी सर्वांसाठी सांगितला आहे. एखाद्या वंशावळीतील एकूण वर्षे ठाऊक असतील तर शतकाला तीन याप्रमाणे पिढ्या मोजून पाहाव्यात. नावे कमी पडली तर कोणी गळाले आहे आणि जास्त झाली तर कोणी घुसडले आहे, असे समजावे. इतिहासकार अल्-मसूदी यांच्यासारख्या मान्यवरालाही त्यांनी याच रीतीने धारेवर धरले. हजरत मूसा (अ.) यांच्या सैन्यात सहा लाख माणसे होती असे मसूदींनी लिहिले होते. हजरत याकूब (अ.) यांच्यापासून मूसांपर्यंत चार पिढ्या, एवढ्या अवधीत एका कुटुंबाची सहा लाख माणसे कशी होतील, असा इब्न खल्दून यांचा सवाल होता.

आता एक गंमत पाहा. वाइलपासून खल्दूनपर्यंतचा वंश त्यांनी इब्न हज्म या अंदलूसी पंडिताच्या वंशावळींच्या ग्रंथातून घेतला आहे. त्यात खल्दूनचे वडील उस्मान, त्यांच्यामागे हानी, खत्ताब, कुरैब, मादीकरिब, हारिस आणि मग वाइल, अशी नावे आहेत. म्हणजे खल्दूनपासून वाइल सातवे. पैगंबरसाहेबांच्या काळापासून स्पेनच्या ७११ सालच्या विजयापर्यंत उणीपुरी ऐंशी वर्षे. ऐंशी वर्षांत सात पिढ्या कशा होतील? म्हणजे खल्दूनच्या पुढे नावे कमी पडतात आणि मागे जास्त होतात. खल्दून विजयाच्या वेळी नव्हे, तर बऱ्याच नंतर स्पेनमध्ये आला असे मानले तर दोन्ही बाजूंचा ताळमेळ पुष्कळसा जमतो, आणि काही आधुनिक अभ्यासकांचे मत तसेच आहे. काही तर याहून पुढे जाऊन घराणे मुळात अरबच होते का, अशी शंका घेतात. मला ती शंका फार ओढूनताणून आणलेली वाटते. पण ती घेण्याचे हत्यार खुद्द इब्न खल्दून यांनीच पुरविले आहे, हे विसरता येत नाही.

आपल्या कोकणातही ही गोष्ट लागू पडते. आमचे पूर्वज अरबस्तानातून आले, हे वाक्य घरोघरी ऐकू येते. हज्जाज बिन यूसुफच्या जुलमाला कंटाळून कुफ्याहून माणसे गलबतांत बसून या किनाऱ्यावर उतरली, ही परंपरा इंग्रज अमदानीतील गॅझेटियरांनीही नोंदली आहे. वर उल्लेख केलेले मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास चौलला आले होते, आणि सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इकडून आलेले व येथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान तेथे राहतात, असे त्यांनी लिहिले आहे. (मसूदींच्या आकड्यांविषयी इब्न खल्दून काय म्हणत ते वर आलेच आहे!) तेव्हा परंपरेला आधार नाही असे कोणी म्हणू नये. पण एकदा नववीच्या वर्गात हा विषय निघाला असता मी मुलांना आपापल्या वडील, आजोबा, पणजोबा यांची नावे लिहावयास सांगितली. पणजोबांपाशी निम्मा वर्ग अडला. खापरपणजोबांचे नाव दोघांना आले, तेही एकाच घरातले चुलतभाऊ होते. मग फळ्यावर हिशेब मांडला. तेराशे वर्षे, शतकाला तीन पिढ्या, म्हणजे एकोणचाळीस नावे. चार हाती आहेत, पस्तीस गळाली. मुले हसली, पण दुसऱ्या दिवशी तिघेजण आजीला विचारून आणखी नावे घेऊन आले. आजोबांना नव्हे, आजीला विचारून, हे मला मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

असो. पुन्हा इब्न खल्दून यांच्या घराण्याकडे वळू.

अंदलूसमध्ये आल्यावर हे लोक प्रथम कार्मोना या गावी आपल्या येमेनी बांधवांत राहिले आणि मग जवळच्या सेव्हिल शहरी गेले. अरब या शहराला इश्बीलिया म्हणत. तेथे ते मोठे झाले, इतके की नवव्या शतकाच्या अखेरीस कुर्तुब्याच्या अमीराची सत्ता ढिली पडली तेव्हा याच घराण्यातील कुरैब नावाच्या पुरुषाने बंड करून शहर हाती घेतले. या पूर्वजाचा गौरव करण्याची चांगली संधी होती. परंतु कुरैबने लोकांना कठोरपणे वागविले, त्याचा प्रतिस्पर्धी इब्राहीम इब्न हज्जाज याने गोडीगुलाबीने लोकांची मने जिंकली, आणि अखेर लोकांनीच उठून कुरैबचा अंत केला, हे सारे आत्मचरित्रात सरळ सांगितले आहे. ही घटना ८९९ सालची. यानंतर घराण्यात राज्य राहिले नाही, पण विद्या आणि सरकारी हुद्दे राहिले. अबू मुस्लिम इब्न खल्दून हे गणित व ज्योतिष यांचे जाणकार होते आणि मस्लमा अल्-मजरीती या नामांकित गणितज्ञाचे शिष्य होते. १०८६ च्या झल्लाकाच्या लढाईत घराण्यातील काही पुरुष शहीद झाले.

मग उतरती कळा लागली, ती एकट्या घराण्याची नव्हे, साऱ्या अंदलूसची. कॅस्टिलचे ख्रिस्ती राजे एकेक शहर घेत दक्षिणेकडे सरकत होते. १२३६ साली कुर्तुबा गेले. १२४८ साली सेव्हिल गेले. सेव्हिल पडण्यापूर्वीच खल्दून घराण्याने घरदार, जमीनजुमला सोडला आणि समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सबता गाठले. वेळीच निघाले म्हणून बचावले. तेथून खापरपणजोबा हसन हे बूना या बंदरात हफ्सी घराण्याच्या अमीराकडे गेले. हफ्सींशी घराण्याचा परिचय सेव्हिलमधला होता. अमीराने इनाम जमीन दिली, आश्रय दिला. हसन बून्यालाच वारले व तेथेच दफन झाले.

निर्वासित माणूस परक्या दरबारात किती सुरक्षित असतो, ते पुढच्या पिढीत दिसले. हसन यांचे चिरंजीव, म्हणजे इब्न खल्दून यांचे पणजोबा अबू बक्र मुहंमद, हे ट्युनिसच्या दरबारी महसुलाचे मुख्य अधिकारी झाले. १२८३ च्या सुमारास एका बंडखोराने गादी बळकावली. त्याने अबू बक्र यांना पकडले, मालमत्ता जप्त केली, यातना दिल्या आणि ठार मारले. आजोबांनी हे सर्व पाहिले होते. त्यांनीही दरबारात मोठ्या जागा भूषविल्या, पण उत्तर वयात ते त्यातून हळूहळू बाजूला झाले. वडिलांनी तर तलवार आणि कचेरी दोन्ही सोडून अध्ययनाचा मार्ग धरला. पणजोबांचा शेवट, आजोबांची सावधगिरी आणि वडिलांची विरक्ती अशी ही साखळी आहे. ती चार ओळींत वाचणाऱ्याला सहज दिसते. घरात वाढणाऱ्या मुलाला ती दिसली का, याचे उत्तर त्यांच्या पुढच्या आयुष्यात आहे.

बालपण विद्याभ्यासात गेले. कुराण मुखोद्गत झाले, व्याकरण, हदीस, फिकह यांचे पाठ झाले आणि पुढे अल्-आबिली या विद्वानाकडे तर्कशास्त्र व गणित यांचे शिक्षण झाले. सतराव्या वर्षी वज्राघात झाला. १३४८-४९ च्या महामारीत आई गेली, वडील गेले, बहुतेक उस्ताद गेले. ज्या घरात वंशावळ सांगणारी वडीलधारी माणसे होती ते घर एका साथीत रिकामे झाले. शजऱ्यातील नावे गळतात ती कशी, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

येथे एक गोष्ट मला खटकते, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. खापरपणजोबांपर्यंत पुरुषांची हकिगत तपशीलवार देणाऱ्या या आत्मचरित्रात आईचे नाव नाही. पत्नीचेही नाव नाही. त्या काळचा रिवाज तसा होता हे मान्य. तरीही दहा नावे गळाली म्हणून हिशेब करणाऱ्या माणसाच्या हिशेबात निम्मे घर आलेच नाही.

यानंतरच्या पंचवीस वर्षांची हकिगत सविस्तर सांगण्याचे हे स्थळ नव्हे. विसाव्या वर्षी ट्युनिसच्या दरबारी फर्मानांवर मोठ्या अक्षरांत ईशस्तुतीचे शब्द लिहिण्याची नोकरी लागली. तेथून फेझ. तेथे संशय आला म्हणून सुलतानाने १३५७ मध्ये तुरुंगात टाकले आणि जवळजवळ एकवीस महिने ते आत होते. नंतर ग्रॅनडा, बिजाया, बिस्क्रा, तिलिम्सान, पुन्हा फेझ. आज वजिरी, उद्या पलायन. वडिलांनी टाकलेला मार्ग चिरंजिवांनी पुन्हा धरला, आणि पणजोबांचे भोग वाट्याला येता येता राहिले. धाकटे बंधू यह्या हेही इतिहासकार होते. तिलिम्सानच्या दरबारात हेव्यादाव्यांतून १३७८ च्या अखेरीस त्यांचा खून झाला.

पण या धावपळीतला एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. १३६४ साली ग्रॅनडाच्या सुलतानाने त्यांना वकील म्हणून कॅस्टिलचा राजा पेद्रो याच्याकडे पाठविले. तहाचे काम होते. बरोबर रेशमी वस्त्रे आणि सोन्याच्या साजाचे घोडे असा नजराणा होता. पेद्रोचा दरबार त्या वेळी सेव्हिल शहरी होता. ज्या गावातून खापरपणजोबा परागंदा झाले, त्या गावात शंभराहून अधिक वर्षांनी पणतूचा मुलगा सन्माननीय पाहुणा म्हणून शिरला. पूर्वजांच्या खुणा त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिल्या. राजाच्या पदरी इब्राहीम इब्न झर्झर नावाचे यहुदी हकीम होते. त्यांची व इब्न खल्दून यांची फेझला ओळख झाली होती. हकिमांनी राजाला पाहुण्याच्या घराण्याची माहिती दिली. तेव्हा पेद्रोने सांगून पाहिले, की आमच्याकडे राहा, तुमच्या पूर्वजांची मालमत्ता, जी आज आमच्या सरदारांच्या ताब्यात आहे, ती तुम्हाला परत करवितो.

वाचकांनी क्षणभर स्वतःला त्या जागी कल्पून पाहावे. घराण्यात पाच पिढ्या ज्या वाड्याची आठवण काढली गेली, तो वाडा समोर आहे आणि राजा तो देऊ करतो आहे. इब्न खल्दून यांनी सभ्य शब्दांत नकार दिला. राजाने निरोपाला सोन्याच्या लगामाचे खेचर दिले. ते त्यांनी परतल्यावर आपल्या सुलतानास नजर केले. आत्मचरित्रात या प्रसंगाला मोजक्याच ओळी आहेत. पाहिले, देऊ केले, नाकारले, एवढेच. मनात काय झाले ते त्यांनी लिहिले नाही, आणि आपणही त्यांच्या तोंडी काही घालू नये.

१३७५ साली दरबारांना कंटाळून ते आजच्या अल्जीरियातील इब्न सलामाच्या किल्ल्यात सहकुटुंब जाऊन राहिले. तेथे सुमारे चार वर्षे निवांत मिळाली. १३७७ मध्ये अवघ्या पाच महिन्यांत ‘मुकद्दिमा’ लिहून झाला. राज्ये कशी उदयास येतात, का लयास जातात, शहरे, व्यापार, कर, शिक्षण, सारे त्यात आहे. आपल्या विषयापुरते सांगावयाचे तर घराण्याच्या मोठेपणाविषयी त्यातील एक प्रकरण प्रत्येक पालकाने वाचावे असे आहे. मोठेपणा साधारणतः चार पिढ्या टिकतो, असे त्यांचे मत. पहिला कष्ट करून नाव मिळवितो, त्याला त्याची किंमत ठाऊक असते. दुसऱ्याने ते बापाकडून ऐकलेले असते. तिसरा नुसती नक्कल करतो. चौथ्याला वाटते की हा मान आपल्याला जन्माने मिळाला आहे, त्यासाठी कोणी कष्ट केलेच नव्हते. तेथे तो जातो. शहरात येऊन इतरांत मिसळलेल्या लोकांनी वंशाची फुशारकी मारणे त्यांना पोकळ वाटे, कारण ज्या रक्ताच्या नात्याने माणसे एकमेकांच्या मदतीला धावत नाहीत त्या नात्याचे नाव तेवढे उरते. तिलिम्सानच्या यग्मुरासन या बर्बर राजाची गोष्ट त्यांनी आवडीने सांगितली आहे. खुशमस्कऱ्यांनी त्याचा वंश अहले-बैतपर्यंत नेऊन भिडविला, तेव्हा राज्य आम्ही तलवारीने मिळविले, वंशाने नव्हे, आणि आखिरतचे म्हणाल तर ते अल्लाहच्या हाती, अशा अर्थाचे बोलून त्याने त्यांना वाटेला लावले.

पुढे ग्रंथालयाची गरज भासू लागली म्हणून ते ट्युनिसला परतले. तेथेही मत्सर पाठीस लागला. १३८२ साली हजच्या निमित्ताने रजा घेऊन ते जहाजावर चढले व सुमारे चाळीस दिवसांनी अलेक्झांड्रियाला उतरले. तेथून कैरो. घराण्याचे हे शेवटचे स्थलांतर. कैरोने त्यांना डोक्यावर घेतले. अल्-अझहरमध्ये व्याख्याने झाली, मदरशात जागा मिळाली आणि १३८४ साली सुलतान बर्कूक याने त्यांना मालिकी पंथाचे मुख्य काझी नेमले. काझी झाल्यावरही त्यांनी मिसरी काझींचा पोशाख न घालता आपला मगरिबी बुरनूसच कायम ठेवला, याची चर्चा तेथील लोकांनी लिहून ठेवली आहे. त्यांच्या नावापुढे हद्रमी आणि इश्बीली अशी दोन गावांची बिरुदे लागत. त्यांतील एक गाव त्यांनी कधी पाहिलेले नव्हते आणि दुसरे फक्त पाहुणा म्हणून पाहिले होते. आपल्या आडनावांतील ‘कर’ असाच असतो. मुंबईत, कुवेतमध्ये किंवा केपटाउनमध्ये जन्मलेले मूल ज्या गावाचे नाव आयुष्यभर लावते, तेथे ते कधी गेलेलेही नसते.

कुटुंब अद्याप ट्युनिसलाच होते. ते अडकवून ठेवले तर हा विद्वान परत येईल, असा तेथील सुलतानाचा हिशेब होता. बर्कूकने स्वतः पत्र लिहून कुटुंबाला सोडण्याची विनंती केली व ती मान्य झाली. बायकामुले सामानसुमानासह जहाजात बसली. अलेक्झांड्रियाच्या जवळ आल्यावर वादळाने ते जहाज बुडाले. काझीच्या पदावर बसून लाचखोरांशी आणि शिफारशी आणणाऱ्यांशी झगडत असतानाच त्यांना ही बातमी मिळाली. आपली माणसे, आपली चीजवस्तू, सारे एकदम गेले, एवढीच नोंद आहे. ती थोडक्या शब्दांत आहे. वैराग्य यावे असे वाटू लागले आणि पदातून मोकळे व्हावेसे वाटले, असे ते लिहितात. १३८५ मध्ये ते पदमुक्त झाले. १३८७ साली त्यांनी हज केला.

१४०१ साली दमास्कसला तैमूरलंगाचा वेढा पडला असता दोराने तटाखाली उतरून ते त्याला भेटावयास गेले, ही हकिगत पुष्कळांनी वाचली असेल. ती मोठी नाट्यपूर्ण आहे, पण येथे एवढेच सांगावयाचे, की तैमूरने त्यांना प्रथम जे विचारले त्यात ते कोठले, येथे कसे आले, हे प्रश्न होते, आणि मग मगरिब देशाची माहिती लिहून मागितली. सत्तरीच्या घरातील त्या वृद्धाने ती लिहून दिली.

आत्मचरित्र ते अखेरपर्यंत पुरे करीत राहिले. काझीपदावर नेमणूक, बडतर्फी, पुन्हा नेमणूक, असे सहा वेळा झाले. हिजरी ८०७ पर्यंतच्या घटना त्यात आहेत. पुढल्याच वर्षी, रमजान ८०८ मध्ये, म्हणजे मार्च १४०६ मध्ये त्यांचे कैरो येथे निधन झाले. जन्मही रमजानचा, मृत्यूही रमजानचा. बाबुन्नस्र दरवाजाबाहेर सूफींच्या कबरस्तानात त्यांना दफन करण्यात आले. हद्रमौत, कार्मोना, सेव्हिल, सबता, बूना, ट्युनिस आणि शेवटी कैरो.

त्यांच्या ग्रंथाच्या काही जुन्या हस्तलिखित प्रती इस्तंबूलच्या ग्रंथालयांत सुरक्षित राहिल्या. त्यांतील एकीवर समासात त्यांच्या स्वतःच्या हातच्या दुरुस्त्या आहेत. या प्रतींवरून मुहंमद बिन तावीत अल्-तंजी यांनी आत्मचरित्राची स्वतंत्र आवृत्ती सिद्ध केली व ती १९५१ साली कैरोत छापली गेली. म्हणजे ज्याला आपल्याच घराण्याची दहा नावे सापडली नव्हती, त्याचे स्वतःचे आयुष्य साडेपाचशे वर्षांनी पानन्‌पान वाचावयास मिळाले. अल्-तंजींचे काम पाहिले की कळते, त्यांनी एकेका नावाखाली टीप देऊन ते कोणत्या जुन्या ग्रंथात कसे आले आहे ते तपासले आहे.

आपल्यापैकी कोणाला असे काम घरापुरते करावयाचे असेल तर साधने फार दूर नाहीत. शाळेचे जनरल रजिस्टर, जमातीचे निकाहाचे दफ्तर, सातबारा आणि जुने फेरफार, मोडी किंवा उर्दूतले एखादे खरेदीखत, कबरीवरील शिळा, बोटीवर नोकरी केलेल्या आजोबांचे जुने नोकरीचे पुस्तक. आणि हे सारे चाळण्यापूर्वी घरातील सर्वांत वयस्क बाईजवळ वही घेऊन बसावे. तिला तिच्या आईचे आणि सासूच्या आईचे नाव विचारावे. जे नाव सापडणार नाही त्याची जागा कोरी ठेवावी आणि पुढचे नाव लिहावे.